अवधानाचे माप आणि जगण्याचा भार

मोठ्या माणसांचे लक्ष किती वेळ टिकते, याचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी इच्छा आज सर्वत्र दिसते. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील विभागाने काढलेल्या अहवालातून ‘माणसाचे लक्ष आठ सेकंद, गोल्डफिशचे नऊ’ हा दावा जगभर पसरला. त्याला संशोधनाचा आधार नाही, हे नंतर अनेकांनी शोधून दाखवले. तरी तो भाषणांतून आणि व्हॉट्सॅपवरून फिरतोच आहे. लक्ष म्हणजे डोक्यात साठवलेली एक ठरावीक मात्रा आणि ती उंचीसारखी मोजता येते, ही समजूत त्याला जगवते.

हीच समजूत थोड्या सभ्य रूपात मानसशास्त्रीय मापनातही वावरते. तिथे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, स्वतःचे लक्ष कसे आहे हे माणसाला कळतच नाही. त्याला संगणकासमोर बसवा, चुका आणि मिलिसेकंद मोजा, प्रश्नावली फेकून द्या. दुसरा म्हणतो, पंचवीस-तीस विधाने लिहा, पाच पर्याय द्या, तीन-चारशे लोकांकडून भरून घ्या, विधाने एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा ‘अल्फा’ ०.८ च्या वर आला आणि कोणती विधाने एकत्र जातात ते पाहणाऱ्या घटक विश्लेषणात दोन-तीन घटक सुटे झाले की प्रश्नावली ‘प्रमाणित’ झाली. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक वाटतात, पण गृहीतक दोघांचे एकच आहे. अवधान ही आत पडून असलेली क्षमता आहे यावर त्यांचे एकमत आहे. भांडण आहे ते तिच्यापर्यंत पोचायच्या वाटेवरून.

माझे म्हणणे असे, की प्रौढांच्या अवधानाची प्रश्नावली क्षमता मोजत नाही आणि मोजू शकणारही नाही. माणसाची लक्ष राखण्याची ताकद आणि त्याच्या दिवसाने त्या ताकदीकडे केलेली मागणी यांच्यात जी तूट पडते, ती तूट प्रश्नावली मोजते. हे काम दुय्यम नाही. अनेकदा आपल्याला हवे असते ते हेच. पण एकदा हे मान्य केले, की विधाने लिहिण्यापासून कट-ऑफ ठरवण्यापर्यंत प्रत्येक टप्पा वेगळ्या रीतीने करावा लागतो. ते टप्पे आता क्रमाने घेतो.

१. ‘लक्ष’ ही एक गोष्ट नव्हे

नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात, हा युद्धकाळातला प्रश्न त्यामागे होता. घड्याळासारखा एक काटा घराघराने पुढे सरकायचा आणि क्वचित एखादे घर गाळून उडी मारायचा. ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटण्याचे प्रमाण वाढू लागले. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये वेगळाच प्रश्न घेतला: दोन कानांत दोन वेगळी बोलणी चालू असताना माणूस एक कसे निवडतो? पहिला प्रश्न टिकण्याचा, दुसरा निवडीचा. १९९० मध्ये पोस्नर आणि पीटरसन यांनी सावधता, रोख वळवणे आणि नियंत्रण अशा तीन व्यवस्था मेंदूत मानाव्यात अशी मांडणी केली. २००२ मध्ये त्या तिन्ही मोजणारी सुमारे अर्ध्या तासाची कसोटी तयार झाली, तेव्हा एकात चांगला असलेला माणूस दुसऱ्यात चांगला असेलच असे नाही, हे तिच्या कर्त्यांना दिसले.

तेव्हा प्रश्नावली करणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावे लागते, की आपण यांतले काय विचारणार. ‘सर्वसाधारण अवधान’ असे लिहून हा निर्णय टाळता येत नाही.

प्रौढांबाबत आणखी एक अडचण येते. मुलांच्या बाबतीत शाळेचा वर्ग हे बऱ्यापैकी समान मैदान असते आणि शिक्षक-पालक हे बाहेरचे साक्षीदार असतात. प्रौढाला वर्ग नाही आणि शिक्षकही नाहीत. शिवाय त्याने वर्षानुवर्षे आपल्या उणिवांभोवती आयुष्याची मांडामांड केलेली असते. तो याद्या करतो, गजर लावतो, किल्ली ठरलेल्या खुंटीलाच अडकवतो. जमणार नाही ते काम मुळात घेतच नाही. ‘तुम्ही ठरलेल्या भेटी विसरता का?’ या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असे उत्तर देणाऱ्याला रोज सकाळी बायको आठवण करून देत असेल, तर ते उत्तर खरे आहे आणि क्षमतेबद्दल काहीच सांगत नाही.

२. ताकद, मागणी आणि तूट

महिन्याच्या अखेरीस होणारी ओढाताण केवळ पगारावरून सांगता येत नाही, केवळ खर्चावरूनही नाही. ती दोहोंच्या वजाबाकीत असते. अवधानाची तक्रार याच जातीची आहे. समोर रांग, हातात फोन आणि पडद्यावर अडकलेले सर्व्हर अशा स्थितीत काम करणारी बँकेच्या काउंटरवरची कर्मचारी आणि निवांत ग्रंथालयात नोंदी करणारा तिचा भाऊ यांची ताकद अगदी सारखी असली, तरी चुकांची संख्या सारखी असणार नाही. तान्हे मूल, आजारी सासरे आणि घरातूनच करायची नोकरी हे सगळे एकटीने पेलणारी बाई प्रश्नावलीत वरचे गुण, म्हणजे जास्त चुका, दाखवील. तिला ‘तुमचे अवधान कमकुवत आहे’ असे सांगणे चुकीचे आहे आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगणेही तितकेच चुकीचे आहे. तिची तूट खरी आहे.

या क्षेत्रातली खूप वापरली गेलेली एक प्रश्नावली याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. डोनल्ड ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘कॉग्निटिव्ह फेल्युअर्स क्वेश्चनेअर’ प्रसिद्ध केली. पंचवीस प्रश्न, गेल्या सहा महिन्यांची मुदत, ० ते ४ गुण. रस्त्यावरची पाटी नजरेतून सुटणे, टाकायची वस्तू ठेवून ठेवायची फेकून देणे अशा किरकोळ घसरणी त्यात विचारल्या आहेत. त्यातच रागावून मग पश्चात्ताप होणे आणि निर्णय न घेता येणे हेही आहे. ब्रॉडबेंट हे अवधानाच्या प्रयोगशाळेतील अभ्यासाचे एक मोठे नाव. निवडक लक्षाचा गाळणी-सिद्धान्त त्यांचाच. तरीही त्यांच्या प्रश्नावलीचा कसोट्यांशी भक्कम मेळ बसला नाही. मेळ बसला तो दुसरीकडे. नवऱ्याने बायकोबद्दल किंवा बायकोने नवऱ्याबद्दल दिलेल्या अंदाजाशी गुण जुळले. शिवाय एक अर्थपूर्ण धागा हाती आला: ताणाच्या जागी काम करणाऱ्यांमध्ये जास्त गुण असलेल्यांना पुढे मानसिक लक्षणांचा त्रास अधिक होताना दिसला. ब्रॉडबेंट यांनी याला ताणापुढची दुर्बलता म्हटले. भार पडल्यावरच जी उघडी पडते अशी कोणती तरी गोष्ट प्रश्नावलीत उमटत होती, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते.

३. विधान लिहिणे: सगळी लढाई इथेच

प्रश्नावलीच्या प्रबंधांत विधाने कशी सुचली याला एक परिच्छेद मिळतो आणि घटक विश्लेषणाला वीस पाने. हे प्रमाण उलटे हवे. वाईट विधान कोणत्याही संख्याशास्त्राने सुधारत नाही.

रूढ पद्धत अशी: आधीच्या मापन्या वाचून विधाने जमवायची, मग आठ-दहा तज्ज्ञांकडून प्रत्येक विधान ‘आवश्यक’ आहे का ते विचारून लॉशे यांनी १९७५ मध्ये दिलेल्या सूत्राने आशय-वैधतेचे गुणोत्तर काढायचे. सूत्र चांगले आहे. पण एकाच परंपरेत शिकलेल्या दहा प्राध्यापकांचे एकमत झाले, तर त्यातून त्यांनी वाचलेली पुस्तके सारखी होती एवढेच कळते. तज्ज्ञांआधी जावे लागते ते रिक्षाचालक, परिचारिका, शिंपी, लेखापाल, गृहिणी, सुरक्षारक्षक यांच्याकडे. त्यांना ‘तुमची एकाग्रता कशी आहे’ असे विचारायचे नाही. ‘काल काय राहून गेले, काय दोनदा करावे लागले, कुठे भान सुटले’ असे विचारायचे. मग तयार विधाने त्यांच्यासमोर ठेवून मोठ्याने विचार करत भरून घ्यायची. माणूस विधान वाचून काय समजतो हे या बैठकीतच कळते, आणि लिहिणाऱ्याला स्वच्छ वाटलेली अर्धी विधाने इथे कोसळतात.

एक विधान घेऊ: ‘कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता किती झाल्या ते विसरायला होते.’ मराठी घरासाठी हे फार चांगले विधान आहे. त्यात टिकवून ठेवायची मोजणी आहे, मध्ये येणारा अडथळा आहे आणि चूक लगेच कळते. पण ज्या पुरुषाने कधी कुकर लावलाच नाही तो ‘कधीच नाही’वर खूण करील आणि अवधानात बायकोपेक्षा सरस ठरेल. म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या दोन गटांना एकच विधान वेगळे गुण देईल. असे विधान नंतर आकडेमोडीत पकडता येते, पण तेव्हा फक्त ते गाळता येते. तूट मोजायची आहे हे आधीच ठरवले असेल, तर दुसरा मार्ग सुचतो: प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न जोडायचे. ही वेळ तुमच्यावर आठवड्यातून किती वेळा येते? त्यांपैकी किती वेळा चुकते? पहिले उत्तर मागणीचे आणि दुसरे घसरणीचे. दोन्ही वेगळी मोजली तरच त्यांचा संबंध पाहता येतो. मला माहीत असलेल्या प्रचलित मापन्या फक्त दुसराच प्रश्न विचारतात आणि पहिल्याचे उत्तर सर्वांचे सारखेच असेल असे मानून चालतात.

मग उत्तराचे पर्याय. ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी’ ही पंचपदी इतकी सवयीची झाली आहे की ती निरुपद्रवी वाटते. नॉर्बर्ट श्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जर्मनीत लोकांना रोज किती वेळ टीव्ही पाहता असे विचारले. एका गटाला अर्ध्या तासापासून सुरू होणारे लहान पर्याय दिले, दुसऱ्याला अडीच तासांपासून सुरू होणारे मोठे. अडीच तासांहून जास्त पाहतो म्हणणारे पहिल्या गटात सुमारे १६ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७ टक्क्यांहून अधिक. पर्यायांची मांडणी पाहूनच लोक ‘सामान्य’ म्हणजे किती याचा अंदाज बांधतात आणि स्वतःला त्याच्या आसपास बसवतात. ज्याला आकडाच नाही अशा ‘बऱ्याचदा’बद्दल तर बोलायलाच नको. कडक शिस्तीच्या घरात वाढलेल्याला महिन्यातून दोनदा किल्ली विसरणे म्हणजे ‘बऱ्याचदा’. ढिसाळ कार्यालयात बसणाऱ्याला आठवड्यातून दोनदा विसरणे म्हणजे ‘क्वचित’. प्रत्येक जण आपल्या भोवतालाशी तुलना करून उत्तर देतो. म्हणून ‘गेल्या चौदा दिवसांत किती दिवस’ असा प्रश्न आणि दिवसांचेच पर्याय ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. सहा महिन्यांची मुदत स्मरणाला झेपत नाही. माणूस मग आठवत नाही, स्वतःबद्दलचे मत सांगतो.

नकारार्थी विधानांचा प्रश्न अवघड आहे. ‘माझे लक्ष सहसा विचलित होत नाही’ यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला की भरणारा अडखळतो, आणि अशी विधाने अनेकदा अर्थाऐवजी वाक्यरचनेमुळे एकत्र येऊन वेगळा ‘घटक’ बनवतात. उलट सगळी विधाने एकाच दिशेची ठेवली, तर होला हो म्हणणाऱ्या स्वभावाला मोकळे रान मिळते. ब्राउन आणि रायन यांच्या २००३ च्या सजगतेच्या मापनीत पंधराच्या पंधरा विधाने भान नसण्याची आहेत आणि त्यावरून बराच वाद झाला आहे. मी एका दिशेची विधाने पसंत करतो, पण ती मोजता येण्याजोग्या घटनांची असावीत, स्वभावाच्या वर्णनाची नसावीत.

याहून खोल प्रश्न तल्लीनतेचा आहे. कामात गढलेला माणूस हाक मारली तरी ऐकत नाही. ही अवधानाची घसरण की त्याचे यश? ब्रॉडबेंट यांच्या प्रश्नावलीत ही चूक म्हणून मोजली जाते. एखाद्या घड्याळजीला हा गुण वाटेल, परिचारिकेला नाही. या विधानाचे काय करायचे, हे क्षमतेच्या कल्पनेतून सुटत नाही. त्या माणसाच्या कामाची मागणी काय आहे हे विचारल्यावरच सुटते.

आणि भाषांतर. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये रूढ केलेली उलट-भाषांतराची पद्धत शब्द जुळल्याची खात्री देते. प्रसंग जुळल्याची नाही. ही जाण आपल्याकडे नवी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी घेतली, तेव्हा त्यांनी तिचे प्रश्न बदलले आणि इथल्या मुलांवर नव्याने वयमान बसवले. प्रौढांच्या अवधानासाठी तेवढेच कष्ट घ्यायला हवेत.

४. अल्फाची भूल

क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा विधाने एकमेकांशी किती मिळून वागतात ते सांगतो. पण तो विधानांच्या संख्येनेही फुगतो. दहा विधानांचा परस्परांशी सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर अल्फा ०.८१ येतो. आता हा संबंध निम्म्यावर, म्हणजे ०.१५ वर आणा आणि विधाने तीस करा: अल्फा ०.८४. मापनी विस्कळीत झाली आणि आकडा सुधारला. ‘अल्फा ०.८४, म्हणून मापनी विश्वसनीय’ हे वाक्य ज्या प्रबंधात आहे तिथे विधाने किती, हे आधी पाहावे.

उलट टोकही तितकेच घातक. एकच गोष्ट दहा शब्दांत विचारली की अल्फा ०.९५ होतो आणि मापनीचा आवाका एका विधानाएवढा उरतो.

घटक विश्लेषणाबद्दल थोडक्यात एवढेच. ब्रॉडबेंट यांच्या त्याच पंचवीस प्रश्नांतून त्यांना स्वतःला मुख्यतः एक सर्वसाधारण घटक दिसला. नंतरच्या संशोधकांना कोणाला दोन, कोणाला तीन, कोणाला चार सापडले. घटकांची संख्या प्रश्नांत दडलेली नसते. कोणाला विचारले आणि कोणती पद्धत वापरली यावर ती ठरते. म्हणून एका नमुन्यात रचना शोधायची आणि दुसऱ्या, वेगळ्या लोकांच्या नमुन्यात ती टिकते का ते पाहायचे. एकाच नमुन्यावर दोन्ही करणे म्हणजे आपणच लिहिलेली उत्तरपत्रिका आपणच तपासणे.

५. वैधता कोणाची?

‘वैध प्रश्नावली’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. क्रॉनबॅक आणि मील यांनी १९५५ च्या निबंधात जी दिशा दाखवली आणि पुढे सॅम्युअल मेसिक यांनी जी पूर्ण केली, तिचे सार असे की वैधता मापनीला चिकटलेली नसते. अमुक लोकांच्या गुणांवरून अमुक निष्कर्ष काढणे रास्त आहे का, या प्रश्नाला ती असते. पुण्यातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासलेली मापनी नांदेडच्या साठीतल्या शेतकऱ्यासाठी आपोआप वैध होत नाही. आणि संशोधनात गटांची सरासरी तुलना करायला चालणारी मापनी एका माणसाबद्दल निर्णय घ्यायला चालेलच असेही नाही.

इथे खरी परीक्षा कोणती? कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये सांगितले, की मापनी जिच्याशी जुळायला हवी तिच्याशी जुळते एवढे दाखवून भागत नाही. जिच्यापासून वेगळी असायला हवी तिच्यापासून ती वेगळी आहे हेही दाखवावे लागते. अवधानाच्या प्रश्नावल्यांचा सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे चिंता आणि उदासी. चिंतेने ग्रासलेला माणूस खरोखर चुका अधिक करतो, शिवाय झालेल्या चुका अधिक लक्षात ठेवतो आणि स्वतःबद्दल वाईट सांगायला अधिक तयार असतो. हे तीन प्रवाह एका आकड्यात मिसळलेले असतात. डेरीबेरी आणि रीड यांच्या २००२ च्या वीस विधानांच्या अवधान-नियंत्रण मापनीबाबत २०१७ च्या एका अभ्यासाने थेट असा प्रश्न उभा केला, की ती नियंत्रणाची क्षमता मोजते की त्या क्षमतेबद्दलची स्वतःची समजूत. ज्या प्रश्नावलीचा चिंतेच्या मापनीशी असलेला संबंध अवधानाच्या दुसऱ्या मापनीशी असलेल्या संबंधाहून घट्ट आहे, तिचे नाव बदलायला हवे.

माझ्या मांडणीतून तीन भाकिते निघतात, आणि ती खोटी ठरू शकतात. एक, मागणीची उत्तरे आणि घसरणीची उत्तरे स्वतंत्रपणे हलतील. ती पूर्ण एकरूप निघाली तर दोन प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोन, रात्रपाळी सुरू झाली किंवा घरात बाळ आले की त्याच माणसाचे तुटीचे गुण वाढतील, पण शांत खोलीतल्या कसोटीवरची कामगिरी त्या प्रमाणात घसरणार नाही. तीन, घरातल्या किंवा कामावरच्या दुसऱ्या माणसाने भरलेली प्रत प्रयोगशाळेतल्या कसोटीपेक्षा या गुणांशी अधिक जुळेल.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: मग संगणकावरची कसोटीच का नको? ती कोणाच्या मतावर अवलंबून नाही.

या आक्षेपामागे पुरावा आहे. टोपलॅक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २०१३ मध्ये कार्यकारी नियंत्रणाबाबतचे वीस अभ्यास एकत्र पाहिले. कसोटीवरची कामगिरी आणि प्रश्नावलीतील गुण यांच्यातला मध्यक सहसंबंध फक्त ०.१९ निघाला. सामान्य प्रतिक्रिया अशी की प्रश्नावली हरली. पण कसोटी जिंकली असे तरी कुठे ठरले? १९९७ मध्ये रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी केलेली कसोटी घ्या: पडद्यावर एकामागून एक आकडे येतात, प्रत्येकाला बटण दाबायचे, फक्त तीन आला की थांबायचे. चार-पाच मिनिटांचे काम. खोली शांत, उद्दिष्ट दुसऱ्याने ठरवून दिलेले, समोर परीक्षक. माणूस इथे आपले सर्वोत्तम दाखवतो. घरी उद्दिष्ट स्वतः ठरवायचे, स्वतः लक्षात ठेवायचे, आणि कोणी पाहत नसताना ते सोडायचे नाही. उत्तम काय जमते आणि एरवी काय घडते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे जुळली नाहीत तर एकाला खोटे ठरवायचे कारण नाही.

त्यात मापनाची एक तांत्रिक गोष्टही आहे. हेज, पॉवेल आणि सम्नर यांनी २०१८ मध्ये दाखवले, की स्ट्रूपसारख्या नामांकित कसोट्या प्रत्येकावर सारखाच परिणाम दाखवण्यासाठी घडवलेल्या आहेत. म्हणून माणसामाणसांतला फरक त्या नीट पकडत नाहीत आणि पुन्हा घेतल्यावर माणसांचा क्रम बराच बदलतो. कसोटीची विश्वसनीयता ०.५ आणि प्रश्नावलीची ०.८ असेल, तर दोन्ही अगदी एकच गोष्ट मोजत असल्या तरी सहसंबंध ०.६३ च्या वर जाणार नाही. ही दुरुस्ती केली तर ०.१९ चे ०.३० होते. एवढ्याने दरी भरून निघत नाही, आणि ती निघावी अशी अपेक्षाही मी ठेवत नाही.

दुसरा आक्षेप: ज्याचे लक्ष नसते त्याला आपले लक्ष नव्हते हे कसे कळणार? विसराळू माणूस आपले विसरणेही विसरतो.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्याचमुळे काही निर्बंध पत्करतो. ज्या घसरणीचा माग उरतो तीच विचारायची: स्टेशन निघून गेले, ओटीपीची मुदत संपली, दूध उतू गेले, तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचावा लागला. ज्याचा माग उरत नाही ते विचारायचे नाही. आणि दुसऱ्याची साक्ष हा ऐच्छिक भाग न ठेवता मापनीचाच भाग करायचा. मेंदूला इजा झालेल्यांसाठीच्या मॉस मापनीत निरीक्षकच गुण देतो, कारण तिथे स्वतःच्या उणिवेचे भानच गेलेले असू शकते. इतर प्रौढांत ते भान कमी-अधिक असते. स्वतःची आणि साक्षीदाराची उत्तरे यांतला फरक हाही उपयोगाचा आकडा आहे. त्याला त्रुटी म्हणून सरासरीत गाडू नये.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीवर सर्वांत जोराने आदळणारा आहे. तूट जर मागणीवर अवलंबून असेल, तर ताण वाढला की गुण वाढायला हवेत. ब्रॉडबेंट यांना मात्र आयुष्यातल्या ताणाने गुण बदललेले आढळले नाहीत. ते दीर्घकाळ बरेच स्थिर होते, एखाद्या स्वभावगुणासारखे.

हे निरीक्षण बाजूला सारता येत नाही. माझे उत्तर असे. त्या प्रश्नावलीत सहा महिन्यांचा आढावा आहे, पर्याय शब्दांचे आहेत आणि प्रसंग मुद्दाम सर्वांना लागू पडतील असे किरकोळ निवडलेले आहेत. ज्या प्रसंगांची मागणी बदलते तेच वगळल्यावर स्थैर्य दिसणे स्वाभाविक आहे. शिवाय आठवण धूसर झाली की माणूस स्वतःच्या प्रतिमेवरून उत्तर देतो, आणि प्रतिमा सहा महिन्यांत बदलत नाही. पण हे अजून अनुमान आहे. चौदा दिवसांच्या मुदतीची, दिवस मोजणारी, मागणी वेगळी विचारणारी प्रश्नावली त्याच माणसांना भार वाढण्यापूर्वी आणि नंतर दिली आणि तरीही गुण जागचे हलले नाहीत, तर ब्रॉडबेंट बरोबर आणि मी चूक. मग तूट नावाची गोष्ट सोडून त्याला स्वभावच म्हणावे लागेल.

७. उंबरठा आणि त्यापुढचा माणूस

प्रश्नावली तयार झाली की लगेच मागणी येते: किती गुणांच्या वर ‘आजार’ समजायचा? जागतिक आरोग्य संघटनेसोबत रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेली प्रौढांच्या एडीएचडी या अवधानाच्या विकाराची स्वयं-अहवाल मापनी अठरा प्रश्नांची आहे. त्यांतले सहा चाळणीसाठी. ती चाळणी आहे, निदान नाही. निदानाला लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती का हे पाहावे लागते, आणि गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारणारे सहा प्रश्न ते सांगू शकत नाहीत. तरी तेच सहा प्रश्न मोबाइलवर भरून लोक स्वतःला नाव लावून घेतात.

साधे गणित करून पाहा. समजा हजार प्रौढांत तीस जणांना खरोखर विकार आहे आणि चाळणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. तिसांपैकी २७ सापडतील. उरलेल्या ९७० पैकी ९७ निरोगी माणसेही चाळणीत अडकतील. म्हणजे ‘धोका आहे’ असे ज्या १२४ जणांना सांगितले, त्यांतल्या ९७ जणांना तो विकार नाही. चाळणी वाईट नाही. विरळ गोष्ट शोधताना असेच होते. या ९७ जणांचे पुढे काय होते याचा विचार मापनी करणाऱ्याने करायला हवा, आणि माझ्या मते तो वैधतेच्याच कामाचा भाग आहे.

कारण त्या ९७ पैकी अनेकांची तूट खरी असेल. तिचे कारण फक्त दुसरीकडे असेल: दोन पाळ्या, पाच तासांची झोप, तीन व्हॉट्सॅप गट आणि एक वरिष्ठ जो रात्री अकरालाही उत्तर मागतो. ज्या मापनीत मागणीचा भाग नाही, ती या माणसाला केवळ अपुरा ठरवू शकते. लांब पल्ल्याच्या बसचालकाची कल्पना करा, ज्याचे घसरणीचे गुण वाढलेले आहेत. दोन्ही भाग वेगळे असतील, तर त्याच्या डेपोतल्या इतर चालकांचे मागणीचे गुण काढून पाहता येतात. सगळ्यांचेच वर असतील तर प्रश्न वेळापत्रकाचा आहे आणि ते बदलता येते. त्याचे एकट्याचेच घसरणीचे गुण वर आणि मागणी इतरांएवढीच असेल, तर त्याला झोपेच्या, डोळ्यांच्या, मनाच्या तपासणीला पाठवायला हवे. म्हणून अशा मापनीच्या अहवालात एकच बेरीज छापू नये. मागणी आणि घसरण हे दोन रकाने शेजारी-शेजारी, दोन्हींच्या विश्वसनीयतेसह आणि कोणत्या लोकांवर तपासले त्या वर्णनासह छापावेत.